लेकराचं दुखणं आणि मधला माणूस : बालरुग्णसेवेतील दुभाष्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला दुभाषी मिळण्याचा कायदेशीर आधार १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात सापडतो. पण तो वॉर्डापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. तोवर शेजारीण, सफाई कामगार, नाहीतर रुग्णाचं थोरलं भावंडच मध्ये उभं केलं जाई.

लिया लीची हकिगत यासाठी वाचायलाच हवी. कॅलिफोर्नियातल्या मर्सेडमध्ये १९८२ साली जन्मलेली ही मुलगी, लाओसहून आलेल्या ह्मोंग या डोंगरी जमातीतल्या निर्वासितांची. तान्हेपणीच तिला आकडी येऊ लागली. आईवडील तिला घेऊन दवाखान्यात पोचले तेव्हा आकडी थांबलेली आणि दुभाषी नाही. छातीचा संसर्ग समजून औषध देऊन घरी पाठवलं. पुढे निदान झालं, पण औषधं आणि डोस सारखे बदलत गेले. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाटलीवरच्या चिठ्ठीचा काय उपयोग? औषध नीट दिलं जात नाही म्हणून १९८५ मध्ये पोरीला आईपासून काढून परक्या घरी ठेवलं. १९८६ मध्ये तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. सगळा दोष भाषेचा नव्हता. आजाराबद्दलची समजूतही दोन्हीकडे वेगळी होती. पण ती समजून घ्यायलासुद्धा मधला माणूस लागतोच.

२००३ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी बालरुग्णांच्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. दुभाष्यांच्या ३९६ चुका सापडल्या, त्यातल्या ६३ टक्के उपचारावर परिणाम करू शकतील अशा. चेहऱ्यावरच्या पुरळाचं मलम अंगभर लावायला सांगितलं गेलं. कान दुखतो म्हणून पोटात घ्यायचं अमॉक्सिसिलिन कानात घालायला सांगितलं गेलं. ऐनवेळी पकडून आणलेल्यांच्या अशा, उपचारावर परिणाम करू शकणाऱ्या चुकांचं प्रमाण रुग्णालयाच्या दुभाष्यांपेक्षा जास्त होतं. तरी रुग्णालयाचे दुभाषीही चुकलेच, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

२०१० च्या आरोग्य कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांनी, तातडीची वेळ सोडून, लहान मुलांना दुभाषी करायला मनाई केली. परिचारिकेचं काम मात्र दुभाषी आला म्हणून संपत नाही. आधी त्याला बाळाची हकिगत दोन वाक्यांत सांगायची. बोलायचं ते आईकडे बघून, थोडं थोडं, थांबत. शेवटी तोंडाने औषध पाजायची सिरिंज आईच्या हातात देऊन सांगायचं, ‘आता तुम्ही औषध भरून दाखवा.’ नुसत्या मान हलवण्यावर विसंबायचं नाही.