प्रतिबल-विकृती वक्र, सादृश्यीकरणातील

यंत्रभागाचे वा संरचनेचे फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे लहान घटकांत विभाजन करून) विश्लेषण करताना, सॉफ्टवेअरच्या तयार सूचीत नसलेल्या पदार्थासाठी वापरकर्त्याने स्वतः भरलेली प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) व विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात लांबीत झालेला बदल) यांच्या आकड्यांची सारणी. भार यील्ड बिंदूच्या (ज्यापुढे विकृती कायमची राहते त्या मर्यादेच्या) आत राहणार असेल, तर यंग गुणांक (स्थितिस्थापक भागातील प्रतिबल व विकृती यांचे गुणोत्तर) व प्वासाँ गुणोत्तर (आडव्या व उभ्या विकृतींचे गुणोत्तर) पुरते. त्यापुढे वक्र लागतो.

ताण चाचणीत मिळणारे आकडे मूळ छेद व मूळ लांबी धरून काढलेले, म्हणजे नाममात्र असतात. धातूंच्या आकार्यतेसाठी (कायमच्या विकृतीच्या गणनासाठी) अबॅकस व अ‍ॅन्सिस या सॉफ्टवेअरना खरे प्रतिबल (त्या क्षणीच्या छेदावरून काढलेले) व लघुगणकी विकृती (लांबीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक) लागते. या विकृतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ‘हेंकी विकृती’ हे रूढ नाव हाइनरिख हेंकी यांच्या १९२८ मधील निबंधावरून पडले. परंतु पाउल लुडविक यांनी १९०९ च्या सुमारास हे माप धातूंसाठी वापरले होते, आणि अमेरिकन भूवैज्ञानिक जॉर्ज बेकर यांच्या १८९३ मधील लेखातही ते दिसते. बेकर यांचा विषय स्थितिस्थापकतेचा असल्याने, धातूंच्या आकार्यतेपुरता अग्रमान लुडविक यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पोलादाच्या नमुन्यात नाममात्र विकृती ०.१० असताना नाममात्र प्रतिबल ४०० मेगापास्कल भरले, तर खरे प्रतिबल ४०० × १.१० = ४४० मेगापास्कल आणि लघुगणकी विकृती १.१० चा नैसर्गिक लघुगणक, म्हणजे ०.०९५३ येते. यंग गुणांक २,१०,००० मेगापास्कल धरल्यास तीतील स्थितिस्थापक भाग ०.००२१ होतो, तो वजा करून ०.०९३२ ही आकार्य विकृती सारणीत भरतात. वजाबाकी करायची राहिली, तर स्थितिस्थापक भाग दोनदा मोजला जातो. पहिल्या ओळीत यील्ड प्रतिबलासमोर शून्य विकृती हवी. अ‍ॅन्सिसच्या जुन्या बहुरेषीय आदेशात मात्र एकूण विकृती लिहावी लागे, म्हणून जुन्या फाइलींतील सारण्या जशाच्या तशा उचलू नयेत.

वरील रूपांतर नमुन्याला मान पडेपर्यंतच, म्हणजे तो एका जागी बारीक होऊ लागेपर्यंतच, ग्राह्य असते. कॉन्सिडेर यांच्या १८८५ मधील निकषानुसार, खऱ्या वक्राचा चढ खऱ्या प्रतिबलाइतका उरतो तेथे मान पडू लागते. पुढील भागासाठी ब्रिजमन यांची १९४४ मधील दुरुस्ती वापरता येते, पण तीसाठी मानेची वक्रता मोजावी लागते. एरवी प्रतिबल व आकार्य विकृती यांचा संबंध देणाऱ्या हॉलोमन किंवा व्होस यांच्या समीकरणाने वक्र वाढवतात. तो न वाढवल्यास अबॅकस शेवटच्या बिंदूपुढे प्रतिबल स्थिर धरते आणि पदार्थ प्रत्यक्षापेक्षा मऊ ठरू शकतो.

रबरासारख्या अतिस्थितिस्थापक पदार्थांसाठी अबॅकसमध्ये चाचणीचे नाममात्र आकडेच भरतात.