लायब्ररीतला ग्लोबल सिंगलटन: 'एकच' म्हणजे नक्की कुठे एकच?

सिंगलटन म्हणजे अख्ख्या प्रोग्रामला मिळून एकच ठेवलेला ऑब्जेक्ट, याहून जास्त इथे सांगत बसत नाही, इंटरव्ह्यूच्या तयारीत सगळ्यांचंच पाठ झालेलं असतं. नाव रुळलं १९९४ मध्ये, 'डिझाइन पॅटर्न्स' या २३ पॅटर्न्सवाल्या पुस्तकामुळे. सगळ्यांनी एकच जागा वापरायचं दुखणं मात्र त्याआधीचं. सी भाषेतलं स्ट्रटॉक (strtok) हे फंक्शन आठवा, स्ट्रिंग तोडताना कुठवर आलो ते आतल्या आत एकाच जागी ठेवायचं, मधेच दुसऱ्या कुणी बोलावलं की पहिल्याचा पत्ता गायब. नंतर स्ट्रटॉक-आर आलं, जागा बोलावणाऱ्यानेच द्यायची.

स्वतःच्या अ‍ॅपमध्ये हे खपून जातं. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड, मात्र भाडेकरू आहे, तिने आपल्या खोलीतलं बघावं, अख्ख्या बिल्डिंगच्या मेन स्विचला हात लावू नये. पवईच्या एका ऑफिसात आम्ही हे भोगलंय. रिपोर्ट काढायच्या लायब्ररीने आत डिफॉल्ट टाइमझोन यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) करून टाकलेला, आणि जावात ते सगळ्या जेव्हीएमला, म्हणजे प्रोग्राम ज्यात चालतो त्या अख्ख्या प्रोसेसला, लागतं, त्यामुळे एकदा रिपोर्ट निघाला की रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या एंट्र्यांवर आदल्या दिवसाची तारीख, सर्व्हर रीस्टार्ट केला की परत सगळं बरोबर, तीन दिवस आम्ही डेटाबेसवरच संशय घेत होतो.

खरा घोळ 'एकच' या शब्दात आहे. कुठे एकच? जावात सिंगलटन क्लासलोडरमागे (कोड मेमरीत आणणाऱ्या भागामागे) एक, म्हणजे एकाच सर्व्हरवर दोन अ‍ॅप आपापली जार (लायब्ररीची फाइल) घेऊन आले तर दोन. विंडोजवर तीच स्टॅटिक लायब्ररी दोन डीएलएलमध्ये (चालताना जोडल्या जाणाऱ्या फाइल्समध्ये) लिंक झाली की प्रत्येकात वेगळी कॉपी. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) एका पॅकेजची दोन व्हर्जन्स आली की दोन 'एकच'! २०१९ मध्ये रिअ‍ॅक्ट या वेब पेज बनवायच्या लायब्ररीत हुक्स नावाची फंक्शन्स आली तेव्हा कितीतरी जणांना 'इनव्हॅलिड हुक कॉल' दिसला तो यामुळेच (कोड बरोबर असायचा, रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती आलेल्या असायच्या). म्हणजे एकच असला तर सगळ्यांची ढवळाढवळ, दोन झाले तर एकच असेल असं धरून लिहिलेलं मोडतं, आणि यातलं काय होणार हे लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हातात नसतंच. माझ्या मते कुठल्याही लायब्ररीने 'एकच' असण्याची ही हमी द्यायलाच नको.

आधीपासून असलेलं ग्लोबल काढायचं का, हा प्रश्न मात्र अवघड. २०१९ च्याच नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) १.१७ मध्ये रँडम आकड्यांसाठी नवीन जनरेटर आला, तो स्वतः बनवायचा आणि लागेल त्या फंक्शनला हातात द्यायचा. पण जुनं ग्लोबल सीड (रँडम आकडे दरवेळी तेच यावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा) काढलं नाही, कारण ढीगभर टेस्ट्स त्याच आकड्यांवर उभ्या होत्या. कारण पटतं, तरी निदान वॉर्निंग तरी यायला हवी होती असं मला वाटतं, कारण आजही नवीन पोरं नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये तेच सीड बेचाळीस टाकतात आणि खाली कुठलीतरी इंपोर्ट केलेली फाइल ते गुपचूप बदलून जाते.