उधाण आणि भांग: भरती-ओहोटीशी गल्लत नको

उधाण म्हणजे भरती आणि भांग म्हणजे ओहोटी असं खूप जणांना वाटतं, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, पण कोळीवाड्यात असं बोललात तर हसतील. भरती-ओहोटी रोजचीच, एका भरतीनंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी दुसरी. उधाण आणि भांग हे त्या भरती-ओहोटीचे दिवस. अमावस्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, कारण तेव्हा चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, आणि अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात म्हणून ते दिवस भांगाचे.

म्हणजे दोन्हीकडे भरतीही आहे आणि ओहोटीही, फक्त मुंबईकडे उधाणात पाणी ४ मीटर किंवा त्याहून जास्त वरखाली होतं आणि भांगात जेमतेम दीड-दोन मीटर.

टीव्हीवाले पावसाळ्यात 'साडेचार मीटरची भरती' म्हणून बोंबलतात, पण त्याच दिवशी ओहोटीही तेवढीच खोल जाते हे कुणी सांगत नाही. एरवी पाण्याखाली राहणारे खडक तेव्हाच उघडे पडतात, म्हणून कालवं काढायला बायका उधाणाच्या ओहोटीलाच जातात. वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, चतुर्थीला ३, अष्टमीला ६. अमावस्येला भरती बाराच्या आसपास, मग ओहोटी सकाळी सहा-सातला, आणि म्हणून तांबडं फुटताना टोपली-कोयती घेऊन खडकांवर निघालेल्या बायका दिसतात. अंदाजी हिशोब आहे, पण मुंबईकडे बऱ्यापैकी जमतो.

आता खरी गोष्ट उंचीची नाही, ओढीची, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या जोराची. ठाण्याची खाडी घ्या, साधारण २६ किलोमीटर लांब, ठाण्याकडे अरुंद होत गेलेली आणि लाटांपासून बऱ्यापैकी आडोशाला. इथे पाणी हलवतं ते मुख्यतः भरती-ओहोटीच. उधाणात त्याच सहा तासांत भांगाच्या दुप्पट पाणी आत यायचं म्हटल्यावर ते पळणारच ना! त्यातही पूर्ण भरतीला ओढ सगळ्यात जास्त असेल असं वाटतं पण तसं नसतं, तेव्हा पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, ओढ असते ती मधल्या दोन-तीन तासांत. तेव्हा जेट्टीच्या खांबापाशी उभं राहून बघा, खांबामागे भोवरे, पाणी चहासारखं गढूळ, आणि टाकलेली काडी बघता बघता लांब गेलेली.

खडकाला चिकटलेल्या कालवांना आणि चिखलातल्या शिंपल्यांना जेवायला कुठं जाता येत नाही, त्यांचं ताट ही ओढच आणून देते. पण गाळही तीच आणते, त्यामुळे फार गढूळ पाण्यात त्यांना जेवण कमी आणि निवडणं जास्त. डोल जाळ्याचंही तसंच. वसई-अर्नाळ्याकडची ही डोल म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून बांधलेली लांबलचक पिशवी, ती काही माशांमागे धावत नाही, बोंबील, जवळा, मांदेली ओढीबरोबर आपोआप आत येतात. उधाणात डोल चालते, भांगात पिशवी नुसती लोंबत राहते, मग जाळी शिवत बसायचं.

म्हणून भांग म्हणजे फुकट दिवस असं मात्र समजू नका. पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो, पाणी जरा स्वच्छ दिसतं. तिवराचं रोप चिखलात धरतं तेही बहुतेक अशाच दिवसांत, कारण मुळं पकडायला त्याला पाण्याविना काही दिवस मिळावे लागतात आणि उंचावरच्या चिखलावर भांगाची भरती पोचतच नाही. मुळं धरायच्या आत उधाण आलं तर गेलं वाहून. आणि तो वरचा चिखल आठवडाभर उन्हात सुकून इतका खारट होतो की तिथे सगळ्यांना जमत नाही.

खेकड्यांना हा फरक आपल्यापेक्षा बरा कळतो. चिखलात बिळं करणारे, एक डेंगा भलामोठा असलेले ते छोटे रंगीत खेकडे बघितले असतील, डेंगा मोठा तो नर. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींच्या माद्या उधाणाच्या दिवसांत, रात्री, पाणी उतरायला लागलं की पिल्लं सोडतात. अंधारात ओढ त्यांना भरभर बाहेर नेते, खाडीतल्या माशांच्या तोंडातून बरीच सुटतात. हेच भांगात केलं असतं तर ती पिल्लं तिथंच घुटमळत राहिली असती.