शब्द जुळत नाही, पण उत्तर तिथेच आहे

'मलेरियाचा प्रसार कसा होतो?' या प्रश्नासाठी दोन मजकूर समोर आहेत. पहिला म्हणतो, 'संसर्ग झालेली अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी चावली की प्लास्मोडियम रक्तात शिरतो.' दुसऱ्यात मलेरियाच्या गोळ्यांचा प्रचार-प्रसार कसा केला, त्याची हकीकत आहे. नुसते शब्द जुळवणारी यंत्रणा दुसरा मजकूर वर आणेल. पहिल्यात 'मलेरिया' हा शब्दच नाही, पण उत्तर आहे ते त्यातच, कारण प्लास्मोडियम हाच मलेरियाचा परजीवी.

माहिती शोधण्याच्या शास्त्रातले संशोधक विल्यम कूपर यांनी १९७१ साली संबद्धतेची, म्हणजे मजकूर प्रश्नाला लागू पडतो की नाही याची, व्याख्या थेट तर्कशास्त्रातून केली. ज्या विधानांवरून उत्तर सिद्ध होतं आणि ज्यांतलं एकही गाळून चालत नाही, त्यांतलं प्रत्येक विधान प्रश्नाशी संबद्ध. व्याख्या नेटकी आहे, पण ती 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगते. कमी-जास्त सांगत नाही.

हा कमी-जास्तचा मुद्दा त्याच क्षेत्रातले कीथ व्हान रायस्बर्गन यांनी १९८६ मध्ये हाती घेतला. 'मजकूर खरा असेल, तर प्रश्नाचं उत्तर मिळतं' हे विधान कितपत खात्रीचं, हेच त्यांनी संबद्धतेचं माप मानलं. नेहमीचं 'जर-तर' मात्र इथे चालत नाही. अभिजात तर्कशास्त्रात 'जर'चा भाग खोटा असला की सगळं विधान आपोआप खरं ठरतं. म्हणजे 'मलेरिया दूषित हवेने होतो' असं सांगणारा जुना मजकूर क्रिकेटपासून करापर्यंत कुठल्याही प्रश्नाशी संबद्ध! म्हणून त्यांनी वेगळा मार्ग धरला: मजकुरापासून उत्तरापर्यंत पोहोचायला कमीत कमी किती माहितीची भर घालावी लागते, ते पाहायचं.

आपल्या पहिल्या मजकुराला एकच भर पुरते: प्लास्मोडियममुळे मलेरिया होतो. 'अ‍ॅनॉफिलीसची मादी साचलेल्या पाण्यात अंडी घालते' एवढंच सांगणाऱ्या मजकुराला आणखी बरीच जोड द्यावी लागेल, म्हणून तो खाली जाईल. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण त्यात शब्दांच्या मोजदादीऐवजी अर्थाचं अंतर मोजलं जातं.

व्यवहारात तो अवघड आहे. जगाचं ज्ञान तर्काच्या सूत्रांत मांडणं आणि लाखो मजकुरांवर सिद्धता चालवणं खर्चिक पडतं. शब्दांची आकडेवारी स्वस्त आणि झपाट्याने होते. शिवाय भर किती लागेल हे आधी काय ठाऊक आहे त्यावर ठरतं. प्लास्मोडियम माहीत असलेल्या डॉक्टरला पहिल्या मजकुरात काहीच घालावं लागत नाही; शाळकरी मुलाला तीच एक ओळ आधी शोधावी लागेल.