स्फुरद आणि एक जादा 'ओ'

म्यूकस म्हणजे श्लेष्मा आणि म्यूकस म्हणजे श्लेष्मल. छपाईची चूक नाही ही. इंग्रजीत पहिला शब्द नाम आहे, तो 'यू-एस'ने संपतो. दुसरा विशेषण, त्याच्या शेवटी 'ओ-यू-एस'. उच्चार एकच, त्यामुळे देवनागरीत फरक उरतच नाही. हाताला पडलेला घट्टा 'कॅलस' आणि निर्दय माणूसही 'कॅलस'!

मराठीत मातीचे मातकट झाले, काट्याचे काटेरी झाले की कानाला लगेच कळते. इंग्रजीत या शब्दांच्या शेवटावर आघात नसतो, स्वर पुसट होतो. मग लॅटिनमधून आलेले दोन प्रत्यय, नामाचा 'उस' आणि 'भरलेला' अशा अर्थाचा 'ओसुस', एकाच आवाजात मिसळून जातात.

खरी गंमत (हवे तर ताप म्हणा) फॉस्फरसची. 1669च्या सुमारास हॅम्बर्गमध्ये हेनिग ब्रांड हा किमयागार सोन्याच्या आशेने लघवी आटवत बसला आणि हाती लागले अंधारात चमकणारे मूलद्रव्य. त्याला ग्रीक नाव मिळाले, अर्थ 'प्रकाश वाहणारा'. हे नाम, शेवटी नुसते 'यू-एस'. खतांच्या जाहिरातीत, माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरदासाठी, म्हणजे याच फॉस्फरससाठी, बऱ्याचदा 'ओ-यू-एस' छापलेले दिसते, ते चूक.

पुढे दुसरे नाम आले की विशेषण वापरायचे, ही शाळेतली युक्ती इथे दगा देते. फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये पुढे नाम असूनही स्पेलिंग नामाचेच. कारण रसायनशास्त्राने या विशेषणाला वेगळ्याच कामाला जुंपले आहे. 1787 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये पदार्थांना नावे देण्याची नवी पद्धत मांडली. आम्लात ऑक्सिजन कमी असेल तर एक प्रत्यय, जास्त असेल तर दुसरा. इंग्रजीत त्यांचे 'ओ-यू-एस' आणि 'इक' झाले. म्हणून फॉस्फरस ॲसिडच्या रेणूत ऑक्सिजनचे 3 अणू आणि फॉस्फोरिक ॲसिडच्या रेणूत 4.

या एका अणूची किंमत द्राक्षबागायतदाराला विचारावी. फॉस्फोरिक ॲसिड ठिबकमधून सोडले की वेलीला स्फुरद मिळते. फॉस्फरस ॲसिडचे क्षार मात्र डाऊनी या वेलीच्या रोगावर फवारायचे. वेल तेही शोषून घेते, पण त्या रूपातला फॉस्फरस तिला पोषण म्हणून वापरता येत नाही.