दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांमागचा हिशेब

१८६६ साली मॉस्कोच्या ‘रुस्की वेस्तनिक’ या मासिकात दोन कादंबऱ्या क्रमशः छापल्या जात होत्या. एक ‘क्राइम अँड पनिशमेंट’, आणि दुसरी पुढे ‘वॉर अँड पीस’ म्हणून गाजली ती. संपादक एकच, मिखाईल कात्कोव. वाचकही तेच. मानधनाचे दर मात्र वेगळे: टॉलस्टॉयला सोळा पानी फॉर्ममागे ३०० रूबल, दोस्तोयेव्हस्कीला १५०. टॉलस्टॉयकडे वडिलोपार्जित जमीनजुमला होता, भाव मिळेपर्यंत अडून बसणं त्याला परवडत होतं. दोस्तोयेव्हस्कीने कात्कोवला कादंबरी देऊ केली ती १८६५ च्या सप्टेंबरात, जर्मनीतल्या विस्बाडेनहून. जुगारात होतं नव्हतं ते गेलं होतं. बिल थकल्यामुळे हॉटेलवाल्याने जेवण बंद करून नुसत्या चहावर ठेवलं होतं.

त्याच्या लेखनात जी धाप लागलेली जाणवते, ती लोक त्याच्या स्वभावाला नाहीतर अपस्माराच्या आजाराला चिकटवून मोकळे होतात. मला तसं वाटत नाही. त्यात सावकारांचा आणि मासिकांच्या तारखांचा वाटा मोठा आहे. (इथल्या तारखा जुन्या रशियन दिनदर्शिकेच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात आपली तारीख तिच्या बारा दिवस पुढे असे.)

फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीचा जन्म १८२१ चा, मॉस्कोतल्या गोरगरिबांच्या मारिन्स्की रुग्णालयाच्या आवारातला. वडील तिथे डॉक्टर. १८३७ मध्ये आई क्षयाने गेली. पुढे पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयातलं शिक्षण पुरं करून मुलाने वर्षभरातच नोकरी सोडली आणि लिहायला बसला. १८४५ मध्ये ‘पुअर फोक’चं हस्तलिखित कवी नेक्रासोव आणि लेखक ग्रिगोरोविच यांनी रात्रभर जागून वाचलं आणि पहाटे चारला त्याचं दार ठोठावलं. समीक्षक बेलिन्स्कीने पाठ थोपटली. पुढच्याच ‘द डबल’ला मात्र त्याच बेलिन्स्कीने नाकं मुरडली. आज वाचताना ‘द डबल’ जास्त धारदार वाटते, पण तेव्हा तिने लेखकाची चढती कमान खाली आणली.

एप्रिल १८४९ मध्ये पेत्राशेव्हस्कीच्या राजकीय चर्चामंडळातल्या तरुणांबरोबर त्याला अटक झाली. आरोपांतला एक असा, की बेलिन्स्कीने लेखक गोगोलला लिहिलेलं, सरकार आणि चर्चवर सडकून टीका करणारं पत्र त्याने बैठकीत वाचून दाखवलं. २२ डिसेंबरला सेम्योनोव्स्की चौकात या सगळ्यांना मृत्युदंड वाचून दाखवला गेला. पहिल्या तिघांना खांबांना बांधलं. दोस्तोयेव्हस्कीचा नंबर त्यानंतरच्या तिघांत होता. बंदुका रोखल्या गेल्या आणि मग झारची माफी आली. सगळं आधीच ठरलेलं नाटक होतं. खांबाला बांधलेल्यांपैकी ग्रिगोरिएव याच्या डोक्यावर कायमचा परिणाम झाला.

शिक्षा बदलून आली ती सायबेरियात चार वर्षं सक्तमजुरीची. वाटेत तोबोल्स्कला, पूर्वीच्या डिसेंबरवादी बंडखोरांच्या बायकांनी त्याला ‘नवा करार’ दिला. बांधणीत दहा रूबल लपवलेले होते. ती प्रत त्याने मरेपर्यंत जवळ ठेवली. ओम्स्कच्या तुरुंगात, पायात बेड्या असलेल्या चार वर्षांत, त्याने जी माणसं पाहिली ती त्याला आयुष्यभर पुरली. इल्यिन्स्की नावाचा एक माजी अधिकारी बापाच्या खुनाखाली तिथे होता. तो निर्दोष असल्याचं बऱ्याच वर्षांनी उघड झालं. ‘ब्रदर्स कारामाझोव’मधला द्मित्री, केलेल्या नव्हे तर न केलेल्या पितृहत्येसाठी शिक्षा भोगणारा, याच माणसावरून आला.

तुरुंगानंतर सेमिपालातिन्स्कला साध्या शिपायाची नोकरी, १८५७ मध्ये मारिया इसायेवा या विधवेशी लग्न, आणि १८५९ च्या अखेरीस पीटर्सबर्ग. दहा वर्षं गेली होती. तुरुंगातल्या अनुभवांवरचं ‘हाउस ऑफ द डेड’ छापताना सेन्सॉरची अडचण नको म्हणून निवेदक राजकीय कैदी न दाखवता बायकोचा खून केलेला दाखवला. परिणाम असा, की दोस्तोयेव्हस्की स्वतःच बायकोला मारून तुरुंगात गेला होता, अशी समजूत काही वाचकांनी करून घेतली.

खरा आर्थिक फास इथून पुढे आवळला. थोरला भाऊ मिखाईल याच्याबरोबर काढलेलं ‘व्रेम्या’ हे मासिक चांगलं चाललं होतं. १८६३ मध्ये पोलंडच्या उठावावर त्यात आलेल्या एका लेखाचा सरकारने भलताच अर्थ लावला आणि मासिक बंद पाडलं. मग ‘एपोखा’ काढलं. त्याचं बस्तान बसतंय न बसतंय तोच १८६४ च्या एप्रिलमध्ये पत्नी गेली, जुलैमध्ये भाऊ. ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’चा मोठा भाग त्याने आजारी पत्नीच्या उशाशी बसून लिहिला होता. भावाचं मासिक, सिगारेटच्या कारखान्याची देणी, त्याची बायको-मुलं हे सगळं दोस्तोयेव्हस्कीने अंगावर घेतलं. कायद्याने तो बांधील नव्हता. मासिक बुडालं आणि कर्ज वीस हजार रूबलच्या घरात राहिलं.

अशा वेळी स्तेलोव्स्की नावाचा प्रकाशक भेटला. १८६५ च्या उन्हाळ्यातला त्याचा करार वाचावा असा आहे. ३००० रूबलांत आतापर्यंतच्या सगळ्या लेखनाच्या आवृत्तीचा हक्क, शिवाय एक नवी कादंबरी. ती १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत हातात पडली नाही, तर पुढची नऊ वर्षं दोस्तोयेव्हस्की जे लिहील ते स्तेलोव्स्कीने फुकट छापायचं. वर गंमत अशी, की या रकमेचा बराचसा भाग कर्जाच्या ज्या हुंड्या चुकवण्यात गेला, त्या स्तेलोव्स्कीनेच दुसऱ्यांच्या नावावर कवडीमोलाने विकत घेतल्या होत्या.

‘क्राइम अँड पनिशमेंट’चे हप्ते पाठवता पाठवता सप्टेंबर संपला. दुसऱ्या कादंबरीची एक ओळ झाली नव्हती. मित्रांनी सुचवलं, प्रकरणं वाटून घेऊ, आपण मिळून लिहून टाकू. दुसऱ्याच्या लेखनावर आपलं नाव घालायला त्याने नकार दिला. मग लघुलेखक शोधायचं ठरलं. पीटर्सबर्गमध्ये ओल्खिन लघुलेखनाचे वर्ग घेत असत, त्यांनी आपली विद्यार्थिनी पाठवली: अन्ना स्नित्किना, वय वीस. ४ ऑक्टोबरपासून रोज दुपारी बारा ते चार दोस्तोयेव्हस्की फेऱ्या मारत सांगे, अन्ना टिपून घेई आणि रात्री घरी बसून स्वच्छ प्रत करी. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ पुरी झाली. कादंबरी द्यायला गेले तर स्तेलोव्स्की गावाला गेलेला, कचेरीतला माणूस बाड घ्यायला तयार नाही. शेवटी ते पोलीस चौकीत जमा करून रात्री उशिरा तारखेसह पावती घेतली. मुदत हुकली नाही.

१८६७ च्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत सावकार आणि नातेवाईक दोघांपासून सुटका म्हणून नवराबायको परदेशी निघाली. चार वर्षं ड्रेस्डेन, बाडेन-बाडेन, जिनिव्हा, फ्लॉरेन्स अशी वणवण. जुगार होताच. अन्नाचे कपडे आणि दागिनेसुद्धा गहाण पडत. ‘द इडियट’चा मूळ आराखडा त्याने १८६७ च्या अखेरीस फेकून दिला आणि पुन्हा लिहायला बसल्यावर जेमतेम तीन आठवड्यांत नव्या कथेची पहिली प्रकरणं कात्कोवकडे रवाना केली. मे महिन्यात तीन महिन्यांची लेक सोन्या जिनिव्हात गेली. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे हप्ते थांबवायची सोय नव्हती. ‘द इडियट’चा मधला भाग भरकटतो हे खरं आहे, पण तो कोणत्या महिन्यांत लिहिला गेला हे माहीत असलं की त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

नोव्हेंबर १८६९ मध्ये मॉस्कोत नेचायेव नावाच्या क्रांतिकारकाच्या टोळीने आपल्याच सहकाऱ्याचा, इवानोव या विद्यार्थ्याचा खून केला. त्या बातमीतून ‘डेमन्स’ उभी राहिली. तिच्यातलं नायक स्ताव्रोगिनच्या कबुलीजबाबाचं प्रकरण कात्कोवने छापायला साफ नकार दिला. लेखकाने ते परत परत मवाळ करून पाहिलं, उपयोग झाला नाही.

रशियात परतल्यावर घराचे व्यवहार अन्नाने हातात घेतले. १८७३ मध्ये ‘डेमन्स’ची पुस्तकरूप आवृत्ती तिने स्वतः काढली: ३५०० प्रती, किंमत साडेतीन रूबल. कागद, छपाई, बांधणीचे भाव तिनेच दुकानोदुकानी फिरून काढले, विक्रेत्यांना किती सूट द्यायची ते ठरवलं आणि घरूनच पुस्तकं विकली. पैसे आले. या व्यवहाराला दोस्तोयेव्हस्कीच्या चरित्रात जेवढी जागा मिळते त्याहून जास्त मिळायला हवी. ‘कारामाझोव’ लिहिताना त्याला पहिल्यांदा थोडी उसंत होती, आणि कादंबरीच्या बांधणीत ती दिसते. तिथेही घरचं दुःख आहेच. १८७८ च्या मे महिन्यात तीन वर्षांचा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने गेला. बापाचाच आजार. त्यानंतर तरुण तत्त्वज्ञ सोलोव्योव याच्याबरोबर दोस्तोयेव्हस्की ऑप्तिना मठात जाऊन वृद्ध साधू आंब्रोसी यांना भेटला. कादंबरीतल्या झोसिमा या साधूच्या मठाचं वातावरण तिथलं आहे, आणि नायकाचं नाव गेलेल्या मुलाचं.

जुनी कर्जं फिटली ती मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. २६ जानेवारी १८८१ ला त्याने ‘रुस्की वेस्तनिक’च्या संपादकीय कचेरीला शेवटचं पत्र लिहिलं, ‘कारामाझोव’चं राहिलेलं मानधन पाठवा म्हणून. २८ तारखेला तो गेला. ‘कारामाझोव’च्या प्रस्तावनेत कबूल केलेला, तेरा वर्षांनंतरच्या अल्योशाचा दुसरा भाग तसाच राहिला. अन्ना तेव्हा चौतीस वर्षांची होती. पुढे १९१८ पर्यंत ती जगली, त्याच्या समग्र लेखनाच्या आवृत्त्या काढत आणि हस्तलिखितं सांभाळत. कात्कोवने नाकारलेलं ते प्रकरण तिने जपलेल्या कागदांतून १९२२ मध्ये छापून आलं.