चुंबकाला चिकटलेला गाळ

मांडवीकाठच्या सुकवलेल्या गाळावरून साधं लोहचुंबक फिरवलं की काळे बारीक कण त्याला चिकटतात. गोव्यात त्यावर पहिलं उत्तर येतं, 'मायनिंगचं असणार.' ते अगदीच चूक नाही. डिचोली, सत्तरी, सांगेतलं खनिज अनेक दशकं बार्जांतून मुरगावला गेलं, आणि दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना गाळाच्या चुंबकीय गुणांत त्याची खूण सापडली आहे. पण चिकटतो तो मुख्यतः मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं, जोरदार चुंबकीय खनिज. पावसाळ्यात नद्या लाल करणारं हेमाटाइट हे दुसरं लोहखनिज चुंबकाला त्याच्या शेकडो पटींनी कमी दाद देतं. म्हणजे लाल पाणी आणि चुंबकीय गाळ एकच नव्हेत.

गाळाच्या चुंबकत्वातून भूतकाळ वाचायला शिकवलं ते तळ्यांनी. स्वीडनच्या गुस्ताफ इसिंग यांनी 1920च्या दशकात हिमनदीकाठच्या तळ्यांतले वर्षावर्षाचे थर मोजले. ऋतूप्रमाणे त्यांचं चुंबकत्व बदलत होतं. पुढे बराच काळ सामसूम. 1971 मध्ये जॉन मॅकरेथ यांनी इंग्लंडच्या विंडरमियर तळ्याच्या गाळात चुंबकीय उत्तर दिशा हजारो वर्षांत कशी डुलत गेली ते दाखवलं. गाळ बसताना कण होकायंत्राच्या सुईसारखे वळतात, म्हणून हे शक्य झालं.

खरं वळण 1975 चं. रॉय थॉम्पसन, फ्रँक ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर आयर्लंडच्या लॉख नेय तळ्यात दिशा बाजूला ठेवून गाळ किती चुंबकीय आहे ते मोजलं. काठची जंगलं तुटली, माती वाहून आली, तसा गाळ अधिक चुंबकीय झाला. मोजणी स्वस्त, झटपट आणि नमुना न बिघडवणारी.

गंमत म्हणजे त्याच वर्षी रिचर्ड ब्लेकमोर यांनी चिखलातल्या चुंबकीय जिवाणूंची माहिती प्रसिद्ध केली. अंगात मॅग्नेटाइटचे कण घडवणारे हे जीव! शिवाय प्राणवायू संपलेल्या चिखलात जुने कण विरघळून जातात. त्यामुळे नुसता आकडा पुरत नाही. कणांचा आकार आणि खनिज कोणतं, तेही पाहावं लागतं.

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या माणसांना गाळातलं चुंबकत्व आलं कुठून, हेच कोडं अंटार्क्टिकात भेटलं. 1981 मध्ये पहिली भारतीय मोहीम गोव्यातूनच निघाली होती. मैत्री केंद्राजवळच्या शिरमाखर भागातल्या सँडी तळ्याच्या गाळातून सुमारे 42 हजार वर्षांची चुंबकीय नोंद मिळाली. तिथे जंगल नाही, नांगर नाही, आणि खाणीवर ढकलायची सोयही नाही.